मान्यता दिल्लीची, झेंडा पनामाचा: पोराला जहाजावर पाठवण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी प्रश्न पाठवला आहे. मुलगा जीपी रेटिंगचा (जहाजावरच्या कनिष्ठ खलाशाचा) कोर्स करून पहिल्यांदाच जहाजावर चालला आहे आणि जहाज पनामाच्या झेंड्याचं आहे. एजंट म्हणतो, “भारतानं आंतरराष्ट्रीय सागरी कराराच्या नव्या दुरुस्त्या मान्य केल्यात, आता काळजीचं कारणच नाही.” त्याच दमात तो ‘प्रोसेसिंग’चे दोन लाख रुपये मागतो. वडिलांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: ही मान्यता म्हणजे नेमकं काय, ती मुलाला लागू होते का, आणि पगार अडकला तर तिचा उपयोग काय.

अण्णा, आधी पैशाचं बोलतो. दोन लाख देऊ नका. एजंट ज्या कराराचं नाव घेतोय त्याच करारानं हे पैसे घ्यायला मनाई केली आहे. 2006 चा सागरी श्रम करार, ज्याला जहाजावर सगळे एमएलसी म्हणतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की खलाशाला नोकरी लावून देण्यासाठी त्याच्याकडून फी घ्यायची नाही, सरळही नाही आणि आडमार्गानंही नाही. खलाशानं स्वतः भरायचा खर्च म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळख-नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. आपल्याकडे 2016 चे भरतीचे नियम हेच सांगतात. तेव्हा कराराचं नाव सांगून पैसे मागणारा माणूस एक तर करार वाचलेला नाही, नाही तर तुम्ही वाचणार नाही असं धरून चाललाय.

मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये बरीच वर्षं काढली, पुढं गोव्यात सर्व्हेअर म्हणून जहाजं तपासली. बेळगावला घरी आलो की एक गोष्ट हमखास व्हायची. इथं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर असल्यामुळं पलटण म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं, आणि कारवारला आयएनएस कदंब असल्यामुळं नेव्हीही ठाऊक. पण मर्चंट नेव्ही म्हटलं की लोक तिला सरकारी नोकरीच समजतात. पोरगा जहाजावर गेला म्हणजे सरकार त्याच्या पाठीशी उभं आहे, असा समज. एजंटाचा “भारतानं मान्य केलंय” हा डायलॉग नेमका याच समजावर चालतो.

आता मूळ प्रश्नाकडं. कोणता करार, हे आधी विचारायचं. समुद्राचे करार दोन घरांतून येतात. जहाजाची सुरक्षा, प्रदूषण आणि प्रशिक्षणाचे करार लंडनच्या आयएमओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे: सोलास, मार्पोल, एसटीसीडब्ल्यू. खलाशाचा पगार, जेवण, रजा, घरवापसी यांचा करार जिनिव्हाच्या आयएलओचा (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा), म्हणजे एमएलसी. पगाराची काळजी असेल तर सोलासच्या दुरुस्तीची बातमी कितीही मोठी असली तरी तिचा इथं उपयोग नाही.

मूळ करार स्वीकारणं हे दीर्घ काम आहे. आपल्याकडे बंदरं आणि जहाजवाहतुकीचं मंत्रालय प्रस्ताव करतं, केंद्रीय मंत्रिमंडळ तो मंजूर करतं, राष्ट्रपतींच्या सहीचा दस्तऐवज परराष्ट्र खात्यामार्फत त्या संस्थेकडे जमा होतो. एमएलसी जिनिव्हात मंजूर झाला फेब्रुवारी 2006 मध्ये. किमान 30 देश आणि जगातलं 33 टक्के जहाजी टनेज (जहाजांचं एकूण आकारमान) अशी अट होती. ती पुरी होऊन तो 20 ऑगस्ट 2013 ला लागू झाला. भारतानं मान्यता दिली 9 ऑक्टोबर 2015 ला आणि आपल्याला तो बांधील झाला त्यानंतर वर्षानं. म्हणजे दहा वर्षं गेली. गंमत बघा, ज्या पनामाच्या झेंड्याला आपण सोयीचा झेंडा (ढिले नियम आणि कमी कर म्हणून मालक निवडतात तो) म्हणून नाकं मुरडतो, त्यानं हा करार 2009 मध्येच मान्य केला होता. लायबेरियानं तर 2006 मध्ये, सगळ्यांत आधी.

दुरुस्त्यांचं मात्र वेगळं आहे, आणि एजंट इथंच फसवतो, किंवा स्वतः फसतो. एमएलसीच्या नियमावलीतली दुरुस्ती प्रत्येक देशानं उठून मान्य करावी लागत नाही. सरकारं, जहाजमालक आणि खलाशांच्या संघटना अशा तिघांची समिती ती ठरवते, जूनमधल्या आयएलओच्या परिषदेत ती मंजूर होते आणि सगळ्या सदस्य देशांना कळवली जाते. मग दोन वर्षांची मुदत. तेवढ्यात मान्यता दिलेल्या देशांपैकी 40 टक्क्यांहून जास्त देशांनी लेखी विरोध केला आणि त्यांच्याकडे किमान 40 टक्के टनेज असलं, तरच ती पडते. नाही तर आणखी सहा महिन्यांनी आपोआप लागू. दूध सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन ठराव वाचतो, “कुणाची हरकत?” विचारतो, कुणी बोलत नाही, ठराव मंजूर. तसंच हे, फक्त हरकतीला दोन वर्षं मिळतात. एखाद्या देशाला स्वतःपुरतं नको असेल तर तो तसं कळवून बाहेर राहू शकतो, किंवा “मी लेखी हो म्हणेपर्यंत मला बांधील नाही” असंही कळवू शकतो. तारखा जुळवून बघा: 2018 च्या जूनमधल्या दुरुस्त्या 26 डिसेंबर 2020 ला लागू झाल्या, 2022 च्या जूनमधल्या 23 डिसेंबर 2024 ला. अडीच वर्षं, बरोबर मोजून. जून 2025 मध्ये आणखी एक गठ्ठा मंजूर झालाय, त्याची पाळी 2027 च्या अखेरीस.

ही मौन संमतीची पद्धत का आली, ते सांगण्यासारखं आहे. टायटॅनिक 1912 मध्ये बुडालं, 1914 मध्ये पहिला सोलास करार झाला. पुढं 1960 च्या सोलासमध्ये नियम असा होता की दुरुस्ती लागू व्हायला दोन तृतीयांश देशांनी स्वतःहून होकार कळवायचा. झालं काय, की 1966 पासून 1973 पर्यंत एकामागून एक दुरुस्त्या मंजूर झाल्या आणि त्यातली एकही कधी लागू झाली नाही. विरोध फारसा नव्हता. प्रत्येक देशाच्या मंत्रालयात फाइल पडून होती, एवढंच. दरम्यान जहाजं मोठी होत गेली, टँकर अवाढव्य झाले, आणि नियम जुन्या जहाजांचेच राहिले. म्हणून 1974 च्या सोलासमध्ये उलटं केलं: ठरलेल्या मुदतीत एक तृतीयांशाहून जास्त देशांनी किंवा निम्मं टनेज हातात असलेल्यांनी विरोध केला नाही तर दुरुस्ती मान्य समजायची. माझ्या मते सागरी कायद्यातला हा सगळ्यांत कामाचा बदल. लोकशाहीच्या अंगानं यावर टीका होऊ शकते, संसदेत चर्चा न होता नियम बदलतो ही गोष्ट खरीच आहे. पण समुद्रावर माणूस मेल्यावर चर्चा करण्यापेक्षा हे बरं. आयएमओची स्वतःची घटना बदलायची असेल तर मात्र अजूनही जुनाच रस्ता आहे. तिथल्या कौन्सिलच्या जागा 40 वरून 52 करायचा ठराव 2021 मध्ये झाला, त्याला दोन तृतीयांश सदस्यांचा लेखी होकार लागतो. खुर्च्यांचा प्रश्न आला की मौन संमती कुणालाच नको असते.

ही पद्धत बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदारांनी अनुभवलेली आहे, फक्त तिचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या कंटेनरचं खरं वजन मोजून कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. कास्टिंग पाठवणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना तेव्हा वाटलं की कस्टमनं नवीन कटकट काढली. ती सोलासच्या सहाव्या प्रकरणातली दुरुस्ती होती, नोव्हेंबर 2014 मध्ये लंडनला मंजूर झालेली. चुकीच्या वजनाच्या कंटेनरांमुळं जहाजं कलंडतात, थप्प्या कोसळतात. 2007 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर एमएससी नेपोली हे जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम वाळूत चढवावं लागलं, तेव्हा तपासात अनेक कंटेनरांचं कागदावरचं आणि खरं वजन जुळलं नव्हतं. आपल्या संसदेत ठराव झाला नाही, तरी बेळगावचा ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला.

मात्र इथंच एक मेख आहे. लंडनला किंवा जिनिव्हाला नियम लागू झाला म्हणजे भारतातल्या कोर्टात तो आपोआप चालतो असं नाही. आपल्याकडे करार सरकार करतं आणि कायदा संसद करते. राज्यघटनेचं कलम 253 संसदेला तो अधिकार देतं. सुप्रीम कोर्टानं 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं की नुसता करार हा देशातला कायदा होत नाही. म्हणून 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात 2014 मध्ये बदल झाले, 2016 मध्ये सागरी श्रमाचे नियम आले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. रोजच्या व्यवहारात मात्र मुंबईच्या डीजी शिपिंगची (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाची) नोटीस आणि परिपत्रक हेच हत्यार. बातमीत “भारताची मान्यता” वाचली की त्याच विषयाचं परिपत्रक निघालंय का ते बघायचं.

आपल्या भागात कुठलाही सरकारी विषय निघाला की बेंगळूरु की मुंबई हा वाद आधी येतो. इथं तो नाही. सागरी जहाजवाहतूक आणि खलाशांचं प्रशिक्षण हे केंद्राच्या सूचीत 25 व्या नोंदीला आहे, परदेशांशी करार 14 व्या नोंदीला. खानापूरचा पोरगा आणि रत्नागिरीचा पोरगा यांना एकच कायदा, एकच सीडीसी, एकच डीजी शिपिंग.

कोर्ट नेहमी हात झटकतंच असंही नाही. एमव्ही एलिझाबेथचा खटला आमच्या गोव्याच्या मुरगाव बंदरातून सुरू झाला. 1984 मध्ये ते परदेशी जहाज माल भरून बिल ऑफ लेडिंग (माल चढल्याची पावती) न देताच निघून गेलं. पुढं ते विशाखापट्टणमला सापडल्यावर अटकवण्यात आलं. जहाज अटकेच्या आंतरराष्ट्रीय करारांना भारतानं मान्यता दिलेलीच नव्हती. तरी 1992 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की त्या करारांतली तत्त्वं जगभर मानली जातात, आमच्या हायकोर्टांनी ती वापरावीत. म्हणजे मान्यता न दिलेला करारही कामाला आला. त्याच वाटेनं पुढं 2017 चा ॲडमिरल्टी कायदा (जहाजांवरच्या दाव्यांचा) आला, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता तुमच्या मुलाचं. तो जहाजावर पाय ठेवेल तेव्हा त्याच्यावर पहिला कायदा पनामाचा लागेल, कारण जहाज ज्या झेंड्याचं, कायदा त्या देशाचा. म्हणून “भारतानं मान्य केलं का” यापेक्षा “पनामानं मान्य केलं का” हा प्रश्न मोठा, आणि त्याचं उत्तर हो आहे. दुसरा कायदा ज्या बंदरात जहाज लागेल त्या देशाचा. पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे त्या बंदराच्या देशाचा, इन्स्पेक्टर चढतो तेव्हा तो झेंडा बघून सूट देत नाही. करार न मानलेल्या देशाच्या जहाजालाही जास्त सवलत द्यायची नाही, असं एमएलसीतच लिहिलंय. हिंदी महासागरातल्या देशांचा तपासणीचा जो सामंजस्य करार आहे, त्याचं सचिवालय गोव्यात आहे, चोर्ला घाट उतरला की पुढं. भारताची मान्यता तिसऱ्या जागी येते: खलाशी पुरवणारा देश म्हणून भरती करणाऱ्या एजंटांवर लक्ष ठेवणं हे भारताचं काम. तुमचा एजंट सांगतो ती मान्यता जर कुणाला लागू असेल तर ती त्यालाच आहे.

तेव्हा त्याच्याकडून चार कागद मागा. एक, त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) क्रमांक. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तो चालू आहे की निलंबित आहे ते दिसतं. काही जण दुसऱ्याच्या परवान्यावर धंदा करतात, म्हणून कंपनीचं नाव आणि करारावरचं नाव एकच आहे का ते बघा. दोन, जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, हा आकडा बदलत नाही. इक्वासिस नावाच्या मोफत संकेतस्थळावर तो टाकला की मालक, झेंडा, विमा क्लब (जहाजमालकांची विमा संस्था) आणि आधी कुठल्या बंदरात जहाज अडकवलं गेलं होतं ते कळतं. अलीकडे काही जुन्या टँकरांवर चक्क खोटे झेंडे असतात, ज्या देशाचं नाव लावलंय त्याला पत्ताच नसतो. तशा जहाजावर कुठलीच दुरुस्ती कामाची नाही. तीन, नोकरीचा करारनामा. सही करण्याआधी तो वाचायला आणि कुणाला तरी दाखवून सल्ला घ्यायला वेळ मिळणं हा मुलाचा हक्क आहे. तो इंग्रजीत असतो. गावातल्या हायस्कूलच्या सरांना दाखवा, लाजू नका. “विमानतळावर सही करू” म्हणाला तर समजून जा. चार, व्हिसा कसला आहे. आखाताकडे टुरिस्ट व्हिसावर पोरं पाठवून तिथं जहाजावर चढवणारे लोक आहेत, आणि तिथं अडकलेल्यांना परत आणताना वकिलातीचीही दमछाक होते.

पगार अडकला तर काय, हे तुम्ही विचारलंय, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्या दुरुस्त्यांतली सोन्यासारखी दुरुस्ती हीच. 2014 मध्ये मंजूर होऊन 18 जानेवारी 2017 ला लागू झालेली. तिच्याआधी मालक दिवाळखोर झाला की जहाज बंदराबाहेर नांगरावर पडून राहायचं, डिझेल संपायचं, पाणी संपायचं, आणि खलाशी आत कैद्यासारखे. आता मालकानं आधीच विमा किंवा तशी आर्थिक हमी घेऊन ठेवावी लागते. खलाशाला टाकून दिलं म्हणजे काय, याची व्याख्याही पक्की केली: घरी पाठवण्याचा खर्च मालक देत नाही, किंवा जेवणपाण्याविना सोडून दिलं, किंवा संबंधच तोडले, ज्यात कमीत कमी दोन महिने पगार न देणंही आलं. असं झालं की हमी देणाऱ्यानं चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, घरी परत येण्याचा खर्च आणि तोवरचं अन्न, पाणी, इंधन, औषध द्यायचं. या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर खलाशांना दिसेल अशा जागी लावलेलं असतं, सहसा मेसरूमच्या (जेवणाच्या खोलीच्या) बाहेरच्या बोर्डावर. मुलाला सांगा, पहिल्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि घरी पाठव. हमी देणाऱ्याचा फोन आणि ईमेल त्यावर असतो. पुढं जहाजावरचं नेट बंद पडलं तरी तुम्ही बेळगावातून तिथं लिहू शकाल.

बाकीच्या दुरुस्त्या भराभर सांगतो. 2018 ची: चाचे पकडून नेतील तेवढा काळ करार आणि पगार चालू राहतो, मुदत संपली म्हणून मालक हात वर करू शकत नाही. 2022 ची: अंगाच्या मापाचे सुरक्षा कपडे आणि बूट, पिण्याचं पाणी फुकट, घरी बोलायला शक्य तितकी इंटरनेटची सोय, आणि एजंटानं नेमणुकीआधीच त्याच्या विम्याखाली खलाशाला काय भरपाई मिळते ते सांगणं. हे शेवटचं तुमच्या एजंटानं सांगितलंय का, ते विचारून बघा. एसटीसीडब्ल्यूची दुरुस्ती 1 जानेवारी 2026 पासून लागू: बेसिक ट्रेनिंगमध्ये छळ आणि लैंगिक अत्याचार कसा रोखायचा, कळवायचा हा भाग आला. मुलाचा कोर्स त्याआधीचा असेल तर त्याला वेगळं काही करावं लागतं का ते प्रशिक्षण संस्थेकडून लेखी विचारून घ्या.

एवढे कागद झाले म्हणून प्रकार थांबलेत असं मानू नका. खलाशांच्या जागतिक संघटनेनं, आयटीएफनं, 2024 मध्ये 300 हून जास्त जहाजं आणि 3000 हून जास्त खलाशी टाकून दिल्याची नोंद केली, आणि त्यांत सगळ्यांत जास्त भारतीय होते. कारण साधं आहे. हमी नसलेली, खोट्या झेंड्याची जहाजं स्वस्तात माणसं शोधतात, आणि आपल्याकडे कर्ज काढून दोन लाख देणारी घरं आहेत.

अशी वेळ आलीच तर क्रम असा ठेवा. एक महिन्याचा पगार चुकला की मुलानं कॅप्टनकडे लेखी तक्रार द्यावी, तिची प्रत किंवा फोटो ठेवावा. जहाजावरची तक्रार पद्धत कराराचाच भाग आहे, तिच्यासाठी सूड उगवणं मना आहे. दुसरा महिना चुकला की तुम्ही एकाच दिवशी चौघांना लिहा: डीजी शिपिंग, भरती करणारा एजंट, बोर्डावरचा हमीदार आणि आयटीएफ. खलाशानं रागाच्या भरात जहाज सोडून किनाऱ्यावर उतरू नये, कागद हातात येईपर्यंत तर नाहीच. आणि जहाज भारतीय बंदरात लागलं तर आणखी एक दार उघडतं. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्यात खलाशाच्या पगाराचा बोजा थेट जहाजावर बसतो, बँकेच्या कर्जाच्याही आधी. मालक बदलला तरी तो सुटत नाही. गोव्यात जहाज असेल तर मुंबई हायकोर्ट, कारवार किंवा मंगळूरला असेल तर कर्नाटक हायकोर्ट ते अटकवू शकतं. इतर दाव्यांना हा बोजा एक वर्ष टिकतो, पगाराच्या दाव्याला दोन वर्षं. म्हणून घरी आल्यावर “बघू पुढं” म्हणत बसू नका. करारनामा, पगाराच्या पावत्या आणि तो बोर्डाचा फोटो घेऊन सागरी कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, बेळगावात नसला तर वास्को किंवा मुंबईला मिळतो.